त्याला भुताचं पुस्तक द्या

(सांगलीत विश्रामबागेकडं राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. दोन वर्षांपासून दर रविवारी सकाळी त्या आपल्या घराच्या पडवीत मुलांना पुस्तकं वाचायला देतात. नऊ ते चौदा वयाची सोळा मुलं येतात. या जूनमध्ये त्यांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि प्रत्येक मुलाला एकेका देशाचं किंवा संस्कृतीचं पुस्तक नेमून दिलं. पुस्तक वाचून झालं की नकाशावर टाचणी टोचायची. त्यानंतर तीन गोष्टी घडल्या. एका मुलीच्या वडिलांनी ‘आपलं सोडून परक्यांचं कशाला?’ म्हणून तक्रार केली. बरीच पुस्तकं ‘नावंच कळत नाहीत’ म्हणून अर्धवट परत आली. आणि गटातल्या एकुलत्या एका मुस्लिम मुलाला बाईंनी मुद्दाम शोधून ईदची गोष्ट दिली, ती त्यानं न वाचता परत केली. ‘दुसरं नाही का, भुताचं?’ असं विचारलं, आणि पुढचे दोन रविवार तो आलाच नाही. बाई विचारतात : आधी आपलं द्यावं की जगाचं? कोणत्या वयाला कोणत्या देशाचं पुस्तक द्यावं, याची यादी मिळेल का?)

ताई,

यादी देते, पण शेवटी आणि छोटी. आधी त्या मुलाबद्दल बोलू. पत्रात त्याच्यावर तुम्ही चारच ओळी लिहिल्यात, पण पत्र लिहायला बसलात ते त्याच्यामुळंच, असं मला वाटलं.

‘सगळ्यांना जग दाखवताना त्याला त्याचंही काही मिळावं,’ असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या मनाबद्दल शंका नाही. पण पुस्तकं दिल्याची वही काढा आणि जूनचं पान बघा. कुणाला जपान मिळालं, कुणाला रशिया, कुणाला केनिया. आणि त्याला त्याचं स्वतःचं घर. पंधरा जणांना तुम्ही प्रवासाला धाडलंत आणि सोळाव्याला दारातूनच घरी पाठवलंत. बाकीच्यांपैकी कुणाला तुम्ही दिवाळीची गोष्ट ‘त्यांच्या संस्कृतीची’ म्हणून दिली नाहीत. कारण ती संस्कृती आहे हे आपल्या डोक्यातच येत नाही, ती नुसती दिवाळी असते. त्याच्यासाठी ईदही तशीच नुसती ईद आहे. शिरखुर्म्यात काय काय पडतं हे त्याला पुस्तकानं सांगायची गरज नाही. त्याला केनिया हवा होता. किंवा भूत.

रुडीन सिम्स बिशप या अमेरिकेतल्या बालसाहित्याच्या अभ्यासक. त्यांनी 1990 साली एक उपमा दिली, ती हल्ली शिक्षकांच्या शिबिरांत फार ऐकू येते : पुस्तक कधी आरसा असतं, कधी खिडकी, कधी सरकतं काचेचं दार. ज्या मुलांना पुस्तकांत आपल्यासारखं कुणी कधी दिसतच नाही, त्यांना आरसा हवा हे अगदी खरं. पण आरसा भिंतीवर असतो, जाता-येता आपण त्यात हळूच बघतो. चारचौघांत कुणी तो तोंडासमोर आणून धरला की अकरा वर्षांचं पोर मान फिरवणारच.

म्हणून ईदचं पुस्तक टाकून देऊ नका, नुसतं इतर पुस्तकांत मिसळून ठेवा. कुणीतरी नेईल, बहुतेक एखादी पाटलांची नाहीतर शहांची मुलगी. तिनं ‘यात लिहिलंय तसं असतं का रे?’ असं त्याला विचारलं, तर तो सांगेल किंवा खांदे उडवेल. ते त्याचं त्याच्यावर.

आणि त्याला भुताचं पुस्तक द्याच. भुतांवरून तो हेरकथांकडं सहज वळेल. सत्यजित राय यांच्या फेलूदाच्या गोष्टी अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. फेलूदा पहिल्यांदा 1965 साली बंगालीत, ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आला. त्यातला तोपशे आपल्या चुलतभावाच्या, म्हणजे हेर फेलूदाच्या, मागं मागं फिरतो आणि चोर पकडता पकडता वाचणाऱ्याला बंगाल्यांची घरं, खाणं, थट्टामस्करी सगळं कळत जातं. ‘आता बंगाली संस्कृती पाहूया’ असं कुणी म्हणत नाही, म्हणूनच ती कळते. तो तेरा-चौदाचा झाला की तुमच्याच जिल्ह्यातल्या माणदेशाची ‘बनगरवाडी’ त्याच्या हाती पडू दे. मास्तरांच्या सोबतीला असणारा आयबू त्यात आहे. तो मुसलमान आहे हे कळतं, आणि गोष्ट पुढं जाते.

आता त्या वडिलांकडं येते. ‘आधी श्यामची आई तरी पुरी होऊ दे,’ असं ते म्हणाले. गंमत अशी की साने गुरुजींचा हवाला देऊन परकी पुस्तकं अडवणं फार अवघड आहे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात असताना हा माणूस तमिळ शिकला आणि त्यानं तिरुक्कुरळ मराठीत आणलं. एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून ‘आंतरभारती’चं स्वप्न पाहिलं. मुलांसाठी त्यांनी ‘गोड गोष्टी’ची माला लिहिली. त्यातला ‘मनूबाबा’ म्हणजे जॉर्ज एलियट या इंग्रज लेखिकेचा विणकर सायलस मार्नर, आणि ‘दुःखी’ म्हणजे व्हिक्टर ह्यूगोची फ्रेंच कादंबरी. ती पुस्तकं वाचून आपल्या आज्या रडल्या, तेव्हा ‘हे फ्रान्सचं रडू आहे’ असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आणखी मागं जायचं तर मराठीत मुलांसाठी छापलेली अगदी सुरुवातीची पुस्तकंच बाहेरून आलेली आहेत. सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘इसापनीती’ आणि ‘बाळमित्र’ 1828 च्या सुमारासची. इसाप ग्रीकांचा, आणि ‘बाळमित्र’ मूळ फ्रेंच, इंग्रजीच्या वाटेनं मराठीत आलेला. उलट आपलं पंचतंत्र सहाव्या शतकात इराणात गेलं, आठव्या शतकात अरबीत ‘कलीला व दिमना’ झालं आणि तिथून युरोपभर पसरलं. तिथल्या एखाद्या बापानं ‘हे हिंदुस्थानी कोल्हे आपल्या पोरांना कशाला?’ असं विचारलं असतं तर?

एवढं सगळं लिहिलं खरं, पण यातलं एक अक्षर त्यांना ऐकवू नका. वाद जिंकाल आणि मुलगी गमवाल.

त्यापेक्षा त्यांना नेमकं काय खटकतंय ते बघा. तुम्हीच लिहिलंय की मुलगी इंग्रजी शाळेत जाते आणि मराठी वाचताना अडखळते. मग मला वाटतं ते संस्कृतीचं भांडण नसावंच. पोरीच्या तोंडची मराठी सुटत चालली आहे, ही त्यांची धास्ती आहे. ‘जगातली पुस्तकं’ म्हटलं की त्यांना पुन्हा इंग्रजीच दिसतं. त्यात त्यांचं काय चुकलं? जगातलं जे द्यायचं ते तिला मराठीत द्या, म्हणजे दोन्ही साधतं. आणि एका रविवारी त्यांनाच पडवीत बसवा. लहानपणी ऐकलेली गोष्ट सांगा म्हणावं, पुस्तक नको काही नको. बहुतेक रंगतील.

नावांचं मात्र मला पटत नाही. ज्या पोरांना नोबिता, शिझुका, शिनचॅन तोंडपाठ आहेत, त्यांना जपानी नावं जड जातात? नाव अडत नाही, वाक्य अडतं. परत आलेली पुस्तकं घेऊन बसा आणि प्रत्येकातलं एक पान मोठ्यानं वाचा. वाचताना तुमची जीभ जिथं अडखळेल तिथंच मुलं थांबली असणार. एका पुस्तकात मी घाबरलेल्या मुलीला ‘अरे माझ्या चांगुलपणा!’ असं ओरडताना वाचलं आहे. मराठी मुलगी ‘अगं आई गं’ म्हणते. असल्या भाषांतरातून मूल ना मराठी शिकतं ना जग बघतं, फक्त वाचनाला कंटाळतं. कुठल्या देशाचं पुस्तक आहे हे पाहण्याआधी ते मराठीत आणणाऱ्याचं नाव बघायची सवय लावून घ्या. तेच नाव पुन्हा दिसलं की पुस्तक बिनघोर उचलता येतं.

चांगलं भाषांतर काय करतं याचा मला आलेला एक अनुभव सांगते. साताऱ्यात एका वाचनालयात मी बरीच वर्षं काम केलं. शनिवारी दुपारी मुलांना मोठ्यानं वाचून दाखवायचा नेम होता. एका पावसाळ्यात ‘पाडस’ घेतलं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ही अमेरिकन कादंबरी, तिला 1939 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं, आणि राम पटवर्धनांनी ती अशी मराठीत आणली की मूळची इथलीच वाटावी. फ्लोरिडातल्या रानात, 1870 च्या सुमारास, ज्योडी नावाचा एक मुलगा हरणाचं पाडस पाळतो. पाडस मोठं होतं आणि शेतातले कोवळे कोंब खायला लागतं. घर त्या पिकावर जगणारं.

ऐकणाऱ्यांत जावळीकडचा एक मुलगा होता, मामाकडं शिकायला राहिलेला. एरवी मागं बसून खिडकीबाहेर बघायचा. त्या दिवशी एकदम म्हणाला, “कुंपण उंच करायचं ना मग.” मला हसू आवरेना, कारण थोडं पुढं ज्योडी तेच करतो. पाडस ते उंच कुंपणही उडी मारून ओलांडतं, तेव्हा हा पुढं सरकून बसला. “झटका मशीन नव्हतं का त्यांच्याकडं?” मी सांगितलं, तेव्हा तिथं वीजच नव्हती. तो विचारात पडला. शेवट वाचला तेव्हा शहरातल्या दोन मुली रडल्या आणि ज्योडीच्या आईवर चिडल्या. हा रडला नाही. म्हणाला, “आमच्याकडं गवे येतात. गव्याला मारता येत नाही, केस होते. आजा रात्रभर डबा वाजवत बसतो.” मग त्या दोघी त्याला गव्यांबद्दल विचारत बसल्या आणि मी पुस्तक मिटलं.

फ्लोरिडा कुठं आहे हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. पुढच्या शनिवारी विचारलं, तेव्हा नकाशा काढला.

तुमच्याकडं नकाशा आधी लागला, एवढंच झालं. टाचण्या काढा असं मी म्हणत नाही, पोरांना त्या आवडत असतील. पण त्या टाचण्यांमुळं ‘एक देश, एक पुस्तक, झालं’ असा हिशेब होतो. तुमच्या वहीत एके ठिकाणी नुसतं ‘आफ्रिका’ लिहिलंय. आफ्रिकेत 54 देश आहेत. एक गोष्ट वाचून आफ्रिकेवर टाचणी मारायची, तर ‘गोट्या’ वाचून आशिया खंड संपला म्हणावं लागेल.

शिवाय नकाशात दिसत नाही असं पुष्कळ तुमच्या हाताशी आहे. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची कामं करणारी कुटुंबं देशभर विखुरली आहेत. मे महिन्यात आणि जत्रेला गावी आलेली त्यांची मुलं आजीशी मराठी बोलतात आणि आपसांत तमिळ नाहीतर मल्याळम. दिवाळीनंतर कारखाने सुरू झाले की बीडकडून ऊसतोडीची कुटुंबं येतात, गावाबाहेर त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या पडतात. त्या मुलांची मराठी वेगळी, गाणी वेगळी, भाकरीबरोबरचं कालवणही वेगळं. विश्रामबागेतल्या मुलाला तोक्यो जितकं लांब, तितकीच ती कोपी लांब आहे. कदाचित तोक्यो जवळ पडेल, ते टीव्हीवर तरी दिसतं.

पण यातल्या एखाद्या मुलाला बोलावलंत, तर ‘तुमच्याकडं काय काय असतं ते सांग बाळ’ म्हणून समोर उभं करू नका. ईदच्या पुस्तकाचीच ती दुसरी आवृत्ती होईल. त्याला बाकीच्यांसारखं बसू द्या, हवं ते पुस्तक घेऊ द्या. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ तुम्ही वाचलं नसेल तर आधी ते वाचा. मुलांना द्यायला नको, तुमच्यासाठी सांगते आहे. फलटणकडच्या कैकाडी कुटुंबातलं पोर शाळेत जातं तेव्हा त्याच्या डोळ्यांना काय काय दिसतं, हे त्यात आहे. 1981 चं साहित्य अकादमी पारितोषिक त्याला मिळालं. आपण बाई म्हणून वर्गात जे पाहिलं, ते दुसऱ्या बाजूनं कसं दिसत असेल, याची मला तरी त्या पुस्तकानं लाज वाटायला लावली.

वयाचं थोडक्यात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना लोककथा आणि खोड्या. युद्ध, छळ, फाळणी नको. ती मुलं घाबरतात आणि घाबरल्याचं सांगत नाहीत. बारा-तेरापासून अ‍ॅन फ्रँकची डायरी चालेल. तिनं स्वतः ती तेराव्या वाढदिवसापासून, जून 1942 मध्ये लिहायला घेतली, हे मुलांना सांगितलं तर ती पुस्तक वेगळ्याच नजरेनं उघडतात. मात्र तुम्ही न वाचलेलं कुठलंच पुस्तक हाती देऊ नका. आणि परत आलं की ‘काय शिकलास?’ विचारू नका. ‘कुठं कंटाळा आला?’ विचारा. खरी उत्तरं तिथं मिळतात.

आता यादी. ‘पाडस’ आणि फेलूदा वर आलेच. त्यांच्याआधी तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ आणा. चेतना सरदेशमुख गोसावी यांचं भाषांतर, नॅशनल बुक ट्रस्टचं, त्यामुळं परवडतंही. आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरणाऱ्या तोक्योतल्या एका शाळेची ही खरी हकिकत. तिथले मुख्याध्यापक सांगतात, रोज डब्यात काहीतरी समुद्राचं आणि काहीतरी डोंगराचं आणा. तेवढं प्रकरण वाचून एका रविवारी आपल्या मुलांना डबे आणायला सांगा. सांगलीला समुद्र नाही, मग नदीचं आणि रानाचं म्हणा. कृष्णाकाठची वांगी नदीची धरायची की रानाची, यावरून भांडण झालं नाही तर मला कळवा.

मोठ्यांपैकी जो वाचनात मुरला असेल त्याला पु. लं.चं ‘एका कोळियाने’ द्या, हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं भाषांतर. लहानांसाठी दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेल्या निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथा जुन्या वाचनालयांत अजून मिळतात. पैशाची अडचण असेल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक आहे. ते 1971 मध्ये सुरू झालं, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर फुकट खुले ठेवले आहेत. ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर दूरदूरच्या देशांतल्या चित्रकथा मराठीतही आहेत, छापून घ्यायची परवानगी आहे. मात्र तिथली भाषांतरं कमी-जास्त दर्जाची आहेत, तेव्हा तुमची मोठ्यानं वाचायची चाचणी लावा.

शाळेच्या सुट्टीत जमलं तर सगळ्यांना पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन जा. मे 2017 मध्ये ते पुस्तकांचं गाव झालं. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली, पण भिलारमध्ये पुस्तकं लोकांच्या राहत्या घरांत आहेत. ओसरीवर बसून वाचायचं. स्ट्रॉबेरीचा हंगाम असेल तर पोरांची बोटं आधी पुसून घ्या. सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येतं, पण परतीत सगळे झोपतात. तिथं कुणाला काहीही नेमून देऊ नका. कोण कुठल्या घरात शिरतो आणि कुठं रेंगाळतो एवढंच बघा आणि ते वहीत लिहा. पुढच्या सहा महिन्यांची यादी त्यातून मिळेल, माझ्या यादीपेक्षा चांगली.

पण हे सगळं नंतर. या आठवड्यात त्या मुलाच्या आईला फोन करा. पुस्तकाचा विषय काढू नका, माफीही मागू नका, उगाच त्याला घरी प्रश्न विचारले जातील. कपाट लावायचं आहे, उंच हाताचं कुणीतरी हवं, रविवारी अर्धा तास लवकर पाठवाल का, एवढंच म्हणा. भुताची पुस्तकं वरच्या कप्प्यात ठेवा.